तुझी जिवंत, माझा मेलेला

४ ऑगस्ट, दुकानातून

भावजयबाई,

वही पोचली. वाचली. तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही.

शेवटचं प्रकरण मी काउंटरवर उभ्या उभ्या वाचलं. समोर एक गिऱ्हाईक पावती धरून ताटकळत होतं. त्याला मी भलत्याच कुणाचा तरी कोट दिला आणि त्या भल्या माणसाने तो घालूनही बघितला. बाह्या बोटांच्या पुढे चार इंच. ड्रायक्लीनिंगच्या या दुकानात मला तीस वर्षं झाली, अशी चूक माझ्या हातून कधी झाली नव्हती. हे पाप तुझ्या डोक्यावर.

आपला नियम काय होता? पहिल्या वहीच्या पुठ्ठ्यावर मी काळ्या शाईने लिहिलंय आणि खाली तू निळ्या शाईने सही ठोकली आहेस: 'तुझी जिवंत, माझा मेलेला. दुसरीच्या माणसाच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत.' नायिकेचं वाक्य तू लिहायचंस, खाली एक ओळ कोरी सोडायचीस आणि वही पोस्टात टाकायचीस. भूत त्यावर काय म्हणतं ते त्या कोऱ्या ओळीत मी लिहायचं आणि वही परत पाठवायची. सहा कादंबऱ्या अशाच झाल्या. आपलं टोपणनाव एक, त्यामुळे वाचकांना वाटतं ही कुणीतरी एकच बाई आहे. प्रकाशकांना वाटतं, नणंद-भावजय समोरासमोर बसून लिहितात. समोरासमोर बसलो असतो तर पहिल्याच प्रकरणात एकमेकींच्या झिंज्या उपटल्या असत्या, हे त्यांना कोण सांगणार?

आणि आता सातव्या पुस्तकाचं बाविसावं प्रकरण. भूत कायमचं निघून जातं ते प्रकरण. त्यात माझ्यासाठी एक ओळ कोरी नाही. भुताची चौदा वाक्यं, चौदाच्या चौदा निळी.

बरं, भरल्यास त्या भरल्यास, निदान बऱ्या तरी भरायच्या! जन्मोजन्मीचं भूत आपल्या बाईला सोडून चाललंय आणि म्हणतंय काय, तर 'त्या पिशवीतली संत्री आधी संपव, खराब होतील.' मग म्हणतं, 'शेजारच्यांचा चार्जर परत दे.' अगं, भुताला चार्जर कशाला? आणि शेवटचं वाक्य, ज्यावर पुस्तक मिटायचं, ते काय? 'तू जेवून ये, मी आहे.' तो चाललाय ना? मग 'मी आहे' कुठून आलं? हा काय निरोप झाला? शाळेतल्या पोरानेसुद्धा याहून बरं लिहिलं असतं. मी असते तर वाचणाऱ्याच्या घशात हुंदका अडकवला असता. सहा वेळा अडकवला आहे.

विसरलीस वाटतं सुरुवात कशी झाली ते. माझा भाऊ जाऊन दोन महिने झाले होते. तू मला पत्र लिहिलंस, आयुष्यातलं पहिलं. त्यात होतं, 'वन्सं, काल घरातून निघताना मी सवयीने विचारलं, गॅस बंद केलास का? आणि उत्तराची वाट बघत दारात उभी राहिले.' त्याखाली तू एक ओळ सोडली होतीस. मुद्दाम की चुकून, देव जाणे. मी ते पत्र तसंच परत पाठवलं, त्या ओळीत त्याचं उत्तर लिहून: 'केलाय. तू दोनदा बघितलास, आता तिसऱ्यांदा बघशील.' तुझा फोन आला. हसत होतीस की रडत होतीस ते कळत नव्हतं. म्हणालीस, अजून लिहा.

लोक विचारतात, तुम्हाला सुचतं कसं? प्रकाशकांनी तर त्याला नावही देऊन टाकलंय, 'अलौकिक प्रणय'. कसलं आलंय अलौकिक! कपडे धुवायला टाकण्याआधी मी खिसे तपासते, तिथे सुचतं. एका कोटाच्या खिशात सिनेमाची दोन तिकिटं सापडली, एक फाडलेलं, एक अख्खं. त्यातून तिसरं पुस्तक निघालं. एक म्हातारे बायकोचा कोट घेऊन आले आणि म्हणाले, सगळा धुवा, फक्त कॉलर धुऊ नका. दुसरं पुस्तक त्या कॉलरमधून निघालं. आणि बाकी सगळं माझ्या भावातून. दुरुस्तीवाला होता तो लिफ्टचा. प्रकाशक म्हणाले, लिफ्टवाला नायक कोण वाचेल, व्हायोलिनवाला करा. केला. पण नखांतलं काळं ग्रीस मी काढलं नाही. वाचकांची पत्रं आली, व्हायोलिन वाजवणाऱ्याची नखं काळी कशी? असू देत काळी. भूत माझं आहे.

आपलं भूत मध्यरात्री येत नाही, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी येतं. तेही मीच ठरवलं. का, ते तुला सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नाही.

तुझ्या या दुसऱ्या लग्नाबद्दल मी चकार शब्द काढत नाही. तो जाऊन सात वर्षं झाली, तू अजून पन्नाशीचीही नाहीस, जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवत एकटीने का फिरावंस? कर लग्न. चष्मेवाला तर चष्मेवाला. फोटो बघितला. बरा आहे. कोटाची कॉलर तेवढी बघवत नाही. पण तुला नवा माणूस मिळाला म्हणून माझा हाकलून द्यायचा, हे मी चालू देणार नाही. वही परत पाठवत आहे. चौदा ओळी खोड आणि कोऱ्या करून दे.

तुझी नणंद


११ ऑगस्ट, दुकानातून

बाई,

उत्तर मिळालं. आठ ओळींचं. मी चार पानं लिहायची आणि तू आठ ओळींत मला वाटेला लावायचं, ही तुझी जुनीच तऱ्हा.

ओळी खोडणार नाहीस म्हणतेस. 'नव्या घरात तो दुपारी येऊन बसला तर मला तिथे नांदता यायचं नाही, वन्सं. त्याला जाऊ द्या.' वा! म्हणजे धरून मी बसले आहे? गाडीच्या मागच्या सीटवर त्याला कुणी बसवला होता चौथ्या पुस्तकात? शिकणारं पोर पुढे गिअर शोधतंय आणि नायिका आरशात भुताकडे बघून लाजतेय, हे कुणी लिहिलं? तेव्हा बरा हवा होता.

आणि वर मलाच प्रश्न! 'भुताला आई आहे, मामा आहे, तीन पायांचा कुत्रासुद्धा आहे. सहा पुस्तकांत त्याला बहीण एकदाही नाही. का?'

का म्हणजे? कथेला गरज नव्हती. प्रेमकथेत नणंद आली की तिला खलनायिका करावं लागतं, नाहीतर ती बसते नुसती पाहुण्यासारखी. आणि मी लेखिका आहे, स्वतःला पुस्तकात घुसवण्याची मला हौस नाही. असली माणसं मला आवडत नाहीत. शिवाय कुत्र्याने पाचव्या पुस्तकात जीव वाचवला होता, बहिणीने काय केलं असतं?

तेव्हा हे खुसपट काढू नकोस. मूळ मुद्दा नियमाचा आहे. तू नियम मोडलास.

मी प्रकाशकांना फोन केला होता. लपवत नाही. ते तर हवालदिलच झाले. म्हणाले, नायक गेला तर वाचक जातील, भूत जाऊ देऊ नका, हवं तर तुम्ही एकट्या लिहा. म्हटलं, लिहिते. त्यात काय आहे? सहा पुस्तकं तुझी बाई वाचली आहे, तिचा श्वासन्‌श्वास मला पाठ आहे.

रविवारी दुकान बंद होतं. जेवण उरकून वही घेऊन बसले. दोन वाजून दहा मिनिटं झाली, भूत आलं. आल्या आल्या झकास वाक्य बोललं. मग तुझ्या बाईने उत्तर द्यायचं. तर ती मेली तोंड उघडेना! पाच वाजेपर्यंत बसले. शेवटी काय बोलली माहीत आहे? 'कधी आलात?' बस, एवढंच. पाहुण्यांना विचारतात तसं. वही मिटली आणि भिंतीवर फेकली. पुठ्ठा सुटला.

मजा वाटत असेल तुला. वाटू दे. पण एक लक्षात ठेव, त्याला आधी मी ओळखत होते. तू आलीस तेव्हा तो सव्वीस वर्षांचा घोडा होता. त्याला बुटाची नाडी बांधायला मी शिकवलं. मला 'तायडे' म्हणायचा, चिडावं म्हणून. तो काय बोलेल आणि काय नाही, हे तू मला सांगू नकोस. 'तू जेवून ये, मी आहे' असलं मिळमिळीत तो बोलणारच नाही. निरोप घ्यायचा तर त्याने काहीतरी विनोद केला असता. तुला तो कळलाच नाही असं मी म्हणत नाही, पण लिहिता येत नाही हे नक्की.

आता बऱ्या बोलाने ओळी कोऱ्या करून पाठव.

नणंद


१९ ऑगस्ट

अगं,

तुझं पाकीट काल आलं. आज दुकानात गेले नाही. मालकांना सांगितलं, डोकं दुखतंय. खरंच दुखतंय.

तो कागद मी चार वेळा उलगडला आणि चार वेळा घडी घातली. एका बाजूला तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलचा छापील तक्ता, 'क्लच, रिव्हर्स, चढावर गाडी थांबवणे', कुणा मुलीचे गुण. मागच्या बाजूला पेन्सिलीने चौदा ओळी, प्रत्येकीपुढे वार. हॉस्पिटलचे नऊ दिवस. संत्री. खिडकी ओढून घे. शेजारच्या खाटेवरच्यांचा चार्जर. आणि शेवटी, 'तू जेवून ये, मी आहे.' त्यापुढे शुक्रवार, आणि वेळही घातली आहेस. खाली कँटीनमध्ये गेलीस आणि वीस मिनिटांनी वर आलीस, एवढंच लिहिलं आहेस. पुढचं लिहिलं नाहीस, लिहायची गरजही नव्हती.

म्हणजे ते तू रचलं नव्हतंस. आणि मी त्याला मिळमिळीत म्हटलं. शाळेतल्या पोराने बरं लिहिलं असतं असं म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही हे माझी आई म्हणायची, आता तू म्हण.

पण थांब, मी अजून चिडलेलीच आहे, आणि आता तर जास्तच. सात वर्षं! सात वर्षं हा कागद तुझ्या कपाटात होता आणि मी इथे व्हायोलिनवाल्याच्या तोंडी चांदण्या आणि जन्मोजन्मीची वचनं कोंबत बसले होते! एकदा तरी म्हणायचंस, वन्सं, त्याचे खरे शब्द माझ्याकडे आहेत. तू लिहितेस, 'तुम्ही विचारलं नाहीत.' हे काय उत्तर झालं? मी विचारलं नाही म्हणून तू सांगायचं नाही? मग भावजय कशाला झालीस, सरकारी कचेरी व्हायचंस!

आणि त्याखालचं ते वाक्य. 'मंगळवारी दोन दहाला फोन मीच त्याच्या हातात दिला होता, वन्सं. पहिल्या पुस्तकात भूत दोन दहाला आलं तेव्हाच मला कळलं.'

पहिल्या पुस्तकापासून! सहा पुस्तकं तू जाणून होतीस आणि दर वेळी निळ्या शाईत गुपचूप लिहीत होतीस, 'घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली.' मला वाटत होतं ते माझं एकटीचं गुपित आहे. तू माझ्यावर दया करत होतीस की मला शिक्षा देत होतीस? खरं सांग. माझा तर या विचारानेच संताप होतोय की दया करत असशील.

बरं, तुला माहीतच आहे तर ऐक. मी कुणालाही हे सांगितलेलं नाही.

आमचं दोन वर्षं बोलणं नव्हतं, हे तू जाणतेस. आईच्या ऑपरेशनच्या कागदावर त्याने सही केली आणि ती ऑपरेशनच्या टेबलावरून परत आली नाही. हॉस्पिटलच्या जिन्यात, सगळ्यांसमोर मी त्याला म्हणाले, तू मारलंस तिला. तोही ऐकून घेणारा नव्हता, पण त्या दिवशी जिना उतरून निघून गेला. त्याला किती लागलंय ते तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी वाट बघत बसले की त्याने आधी फोन करावा. मोठी मी होते, तरी मीच वाट बघत बसले.

त्या मंगळवारी त्याने केला. मी एका बाईच्या शालीवरचा डाग काढत होते. फोन काउंटरवर वाजला, त्याचं नाव दिसलं. हात ओले नव्हते. दुकानात गर्दी नव्हती. मला वाटलं, वाजू दे, दोन वर्षांनी आठवण झाली काय, आता थोडा तोही ताटकळू दे, संध्याकाळी मी करीन. फोन उपडा ठेवला. घड्याळ समोरच होतं. तो आजारी आहे हे मला माहीत नव्हतं, शपथेवर सांगते. संध्याकाळी केला नाही. करू नकोस असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

बुधवारी तुझा फोन आला, या लवकर. मी म्हणाले, शनिवारी येते, दुकान सोडता येत नाही. आज बघ, डोकं दुखतंय म्हणून सोडलं. तो शुक्रवारी गेला.

म्हणून भुताला बहीण नाही. बहीण असती तर त्याला तिच्याशी बोलावं लागलं असतं आणि ते काय बोलतं हे मलाच लिहावं लागलं असतं. बाकी सगळं सुचलं गं मला. तेवढं सुचत नाही.

तायडी


३० ऑगस्ट, दुकानातून

बयो,

वही सोबत आहे. सुटलेला पुठ्ठा चिकटवला आहे, इस्त्रीखाली दाबून ठेवला होता, आता मेला सुटायचा नाही.

तुझं बाविसावं प्रकरण मी जसंच्या तसं ठेवलं आहे. चौदाही ओळी निळ्याच. चार्जरसुद्धा. प्रकाशक कुरकुरले की, शेवट फार साधा आहे हो. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला कळत नसेल तर गप्प बसा, एक शब्द हलवलात तर सातही पुस्तकं परत घेईन. फोन ठेवल्यावर जरा बरं वाटलं. नखं काळी का ते तू एकविसाव्या प्रकरणात सांगून टाक, लिफ्टवाला होता म्हणून. पुरे झालं ते व्हायोलिन.

भूत जाऊ दे. तुझ्या घरून जाऊ दे. मी अडवत नाही.

पण जाता जाता त्याला वाटेत एका ठिकाणी थांबायचं आहे. त्यासाठी मी तेविसावं प्रकरण लिहिलं आहे, दीड पानाचं. नियम मीही मोडला आहे, म्हणजे फिटंफाट. यातली जिवंत बाई माझी आहे, काळ्या शाईत. आणि मेलेला मी लिहिलेला नाही. त्याच्यासाठी एक ओळ कोरी सोडली आहे. पंधरावी. ती तू भरायची, निळ्या शाईने.

फोन तूच त्याच्या हातात दिलास, म्हणजे तो वाजून वाजून बंद झाला तेव्हा तू तिथेच होतीस. तो काहीतरी बोलला असेल किंवा नसेल. तुझ्या कागदावर मंगळवारची ओळ नाही. मी चार वेळा बघितलं. सोमवारनंतर एकदम बुधवार. मग तू ती लिहिली नाहीस की त्याने काही म्हटलंच नाही?

जे म्हणाला असेल ते लिही. शिवी दिली असेल तर शिवी लिही, प्रकाशकांशी मी भांडेन. गोड करू नकोस. तुझ्या मनचं एक अक्षर घातलंस तर मला कळेल, सात वर्षं तुझं लिहिणं वाचते आहे. आणि काहीच म्हणाला नसेल, तर ओळ कोरी ठेव आणि तशीच छापायला दे. वाचकांना वाटेल, छापताना काहीतरी राहिलं. वाटू दे.

तुझ्या लग्नाला मी येणार आहे. बोलावलं नसलंस तरी येणार आहे. चष्मेवाल्याला सांग, तो कोट आठवडाभर आधी माझ्याकडे पाठव, त्या कॉलरचं काहीतरी केल्याशिवाय मी त्याला तुझ्या शेजारी उभा राहू देणार नाही. खिसे रिकामे करून पाठव म्हणावं. नाहीतर आठवं पुस्तक निघेल.

प्रकरण तेविसावं इथेही उतरवून देते. वही पोस्टात हरवली तर?

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कुणी नव्हतं. काउंटरमागे एक बाई शालीवरचा डाग काढत होती. तिने वर बघितलं तर तो समोर उभा होता, कामाच्या कपड्यांत, नखं काळी.

"आलास?" ती म्हणाली. "बस. नको, बसू नकोस, खुर्चीला ग्रीस लागेल. बघ, आल्या आल्या मी सुरू झाले. तू काही बोलू नकोस, आधी मला बोलू दे. आईला तू मारलं नाहीस. मीही सहीच केली असती. माझ्याजवळ कागद आणला असता तर मीही केलीच असती. हे मी तुला जिन्यातच सांगायला हवं होतं. आणि फोन मी बघितला होता. हात ओले नव्हते. तुझं नाव दिसत होतं, मी उपडा ठेवला. हे ऐकायला आलास ना? ऐकलंस. आता जा, तिकडे तुझी बायको नव्या घरी निघाली आहे, तिला उशीर करू नकोस. फक्त एक सांगून जा. मी फोन उचलला नाही, तेव्हा तू काय म्हणालास?"

......................................................................